प्रमाणित मूठ

जी गोष्ट एकाच बाईने चाळीस वर्षं केली आणि बाकीच्यांनी नुसती खाल्ली, तिला परंपरा म्हणतात. ती बाई थकली की परंपरा धोक्यात येते आणि सगळे खाणारे जतनाच्या कामाला लागतात. (बाईच्या नव्हे, परंपरेच्या.)

वजनमापे निरीक्षकांच्या घरची परंपरा म्हणजे वळ्या. पीठ मळायचं, बोटाएवढी दोरी वळायची, तिला पीळ देऊन टोकाला टोक जुळवायचं आणि तळायचं. निरीक्षकांनी दात आल्यापासून अशा अंदाजे एकोणीस हजार वळ्या खाल्ल्या होत्या. इतक्या प्रदीर्घ अनुभवानंतर आपल्याला त्या करताही येणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. (आयुष्यभर दाढी करून घेतली म्हणून कोणी न्हावी होत नाही, पण हा नियम स्वयंपाकघराला लागू नाही, असं पुरुषमंडळींचं मत आहे.)

दोन वर्षांपूर्वी आईची बोटं आखडली आणि वळ्या बंद झाल्या. पहिला महिना घरात हळहळ झाली. दुसऱ्या महिन्यापासून दुकानातून तयार वळ्यांचं पाकीट येऊ लागलं. खरा पेच आला तो कढईवरून. आईची लोखंडी कढई काळीभोर, बुडाशी गुळगुळीत झालेली. आणि सगळी चव त्या कढईतच आहे, यावर दोन्ही मुलांचं एकमत होतं. चव आईत असण्याची शक्यता कोणी तपासली नव्हती.

"दादा, तू नुसता खाणारा," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. "कढई मला दे, मी करते."

"रविवारी चारला ये. मी स्वतः करून खायला घालतो. जमल्या तर कढई माझी."

"आणि फसल्या तर माझी. शब्द दे."

निरीक्षकांनी शब्द दिला. सदर करार आईच्या खाटेपासून चार फुटांवर, फोन स्पीकरवर ठेवून झाला. आईचं मत मागवण्यात आलं नाही, कारण या प्रकरणात ती संबंधित पक्ष नव्हती. ती फक्त कढईची मालक होती.

शनिवारी निरीक्षकांनी वही-पेन घेऊन आईची चौकशी केली.

"एक डबा पीठ," आई म्हणाली. "आपला तो पोचे आलेला. त्यात दोन मुठी लोणी. मीठ, मिरी. पाणी पीठ मागेल तेवढं."

"पीठ मागतं म्हणजे? अर्ज करतं का?"

"करतं. तुला वाचता येत नाही."

"आणि तळायचं कधी?"

"तेल गप्प झालं की."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशा मापांवर दुकानं बंद केली होती. एका भाजीवाल्याने तराजूला दगड बांधला म्हणून त्याला अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं. आणि इथे प्रत्यक्ष जन्मदात्री मुठीने लोणी मोजत होती! डब्याचं माप त्यांनी लगेच घेतलं. (पोच्यांसह. पोचे जुने होते, म्हणून ग्राह्य धरले.) मग कार्यालयातून आणलेला नाजूक काटा ओट्यावर मांडून ते म्हणाले, "आई, मूठ भर."

आईने भरली. लोणी काट्यावर गेलं. मूठ पुन्हा भरली. असं अकरा वेळा झालं. पैकी एक नोंद आईला मध्येच खोकला आल्यामुळे, आणि एक "आता पुरे की रे मेल्या" या शेऱ्यामुळे बाद करण्यात आली. उरलेल्या नऊंची सरासरी एकोणतीस ग्रॅम भरली. निरीक्षकांनी वहीत लिहिलं: प्रमाणित मूठ, एकोणतीस ग्रॅम. खाली सही केली, तारीख घातली. शिक्का घरी नव्हता, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"अहो, पण मला वाटतं लोणी कमी पडेल," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"पिठाकडे बघून."

"बघून," निरीक्षक म्हणाले, आणि पुढे काही बोलण्याची त्यांना गरज वाटली नाही. बायको बाहेर जाऊन पेपर वाचत बसली. (घरगुती वादात शहाणपणाचं असं एक ठराविक स्थान असतं, आणि ते बाहेरच्या खोलीत असतं.)

रविवारी सकाळी काम सुरू झालं. प्रत्येक वळी बावीस ग्रॅमची. प्रत्येक दोरीची लांबी पट्टीने मोजलेली. पिठाने पाणी मागितलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तक्रार लेखी आली नाही, एवढं नक्की. तेल गप्प झालं, तेव्हा निरीक्षकही गप्प झाले आणि वळ्या सोडल्या. दीड वाजता साठ वळ्या ताटात रांगेने उभ्या होत्या, एकसारख्या, सोनेरी, गणवेशातल्या पोरांसारख्या. निरीक्षकांचे डोळे पाणावले. मग त्यांनी एक तोंडात घातली.

ती तुटली नाही. खलबत्त्यात घातली, तर बत्ता उडाला. जमिनीवर टाकली, तेव्हा खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली. निरीक्षक मात्र खचले नाहीत. त्यांनी पाच वळ्या पुन्हा काट्यावर ठेवल्या: तळूनही पाचांचं वजन अगदी सारखं! "खाण्याचं सोडलं तर," त्यांनी बायकोला आनंदाने सांगितलं, "एकही दोष नाही."

चारला धाकटी आली. वळी दाताखाली धरून तिने दादाकडे पाहिलं, ती तोंडातून काढली आणि पुन्हा पाहिलं.

"दादा, ही खायची, की हिने बटाटे मोजायचे?" ती उठली आणि कढई उचलायला स्वयंपाकघरात गेली. निरीक्षक मागोमाग गेले. एक कान तिच्या हातात, दुसरा त्यांच्या.

"प्रमाण बरोबर होतं! आईचीच मूठ आहे, अकरा वेळा मोजली!"

आई दारात येऊन उभी होती. तिने हात पुढे केला आणि मूठ मिटली. बोटं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत. मध्ये लिंबाएवढी पोकळी राहिली, लोणी निसटायला पुरेशी.

"तू मूठ मागितलीस, मी दिली. आत्ताची," ती म्हणाली. "वळ्यांची मूठ हवी होती, तर तेव्हा विचारायचंस. तेव्हा तू बाहेरून ओरडायचास, 'आई, अजून आण.'"

निरीक्षकांनी मोकळ्या हाताने खिशातली वही चाचपली.

"आणि ती कढई खाली ठेवा दोघं. मी अजून जेवते."

कढई खाली ठेवण्यात आली. आईने एक वळी चहात टाकली, पाऊण तास थांबली आणि चमच्याने खाल्ली. "मीठ जमलंय रे," ती म्हणाली. निरीक्षकांनी वहीत लगेच नोंद केली. मग धाकटीने पर्समधून सोबत आणलेलं पाकीट काढलं (खायला यायचं कबूल केलं असलं तरी ती दादाला ओळखून होती), आणि सगळ्यांनी मिळून परंपरा खाल्ली. पाकिटावर छापलं होतं: आईच्या हातची चव. निरीक्षकांनी सवयीने ते उलटं करून निव्वळ वजन तपासलं. बरोबर होतं.

निरीक्षकांना हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी निदान अकरा वेळा आईची मूठ मोजली. तुम्ही येत्या रविवारी आईला विचारणार आहात, हे ठाऊक आहे. गेल्या रविवारीही तुम्ही हेच म्हणाला होतात. तोवर हातातलं पाकीट संपवा आणि बोटं पुसून मग पान उलटा.