चाळीस लेबलं आणि एक बूच

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होतो, आणि त्यातली तीस वर्षं मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी मी कुणाच्या हातात चुकीची बाटली दिली असेल, तर आजही कान पकडीन! ब्रोमिन म्हणजे लाल-तपकिरी, बूच हललं की डोळ्यांत पाणी. क्लोरिनचं पाणी फिकट हिरवट, वास नुकत्याच धुतलेल्या हौदाचा. आयोडिनचे खडे काळसर, चकाकणारे. उघडे राहिले तर पातळ न होताच त्यांची जांभळी वाफ होते. पांढरे क्षार तेवढे सगळे एका आईच्या लेकरांसारखे. ते मी कपाटातल्या जागेवरून ओळखायचो.

मग नवे मुख्याध्यापक आले. ज्याला वाचता येत नाही त्याने प्रयोगशाळा सोडून फाटकावर बसायचं, असं त्यांनी ठरवलं. फाटकावर बोलायला कोण, तर कुलूप आणि एक म्हातारा कुत्रा. कुत्रा बहिरा होता.

मी सूनबाईंना शरण गेलो. त्या भाजी चिरता चिरता अक्षरं विचारायच्या आणि चुकलं की चहातली साखर कमी करायच्या. तीन महिने मी कडू चहा प्यालो, पण वाचायला शिकलो.

सोमवारी तपासनीस माझी परीक्षा घ्यायला येणार होते. शनिवारी दुपारी मी चाळीस बाटल्या खाली उतरवल्या, जुनी पिवळी लेबलं भिजवून काढली, मैद्याची खळ शिजवली आणि माझ्या हातची चाळीस नवी लेबलं चिकटवली. कोणती बाटली कुठून काढली हे माझ्या पक्कं ध्यानात होतं, निदान मला तसं वाटत होतं. आयोडिनच्या बाटलीची मान पुसायला बूच काढलं. तिचं लेबल इतकं देखणं उतरलं, की मी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं आणि कपाट लावून घरी गेलो. बूच टेबलावरच राहिलं.

सोमवारी सगळ्यांसमोर कपाट उघडलं. चाळीसही लेबलं काळीठिक्कर, डांबर फासल्यासारखी. रसायनाच्या बाई हळूच म्हणाल्या की दोन दिवस आयोडिनची वाफ आत कोंडली आणि ओल्या खळीला लागली. खळीला आयोडिन लागलं की ती निळीकाळी होते. तीस वर्षं मी मुलांना तो प्रयोग मांडून देत होतो!

तपासनीसांनी नाकाला रुमाल लावून एक बाटली पुढे केली. "वाचा, मामा."

"साहेब, वाचण्यासारखं काही राहिलं नाही."

मुख्याध्यापकांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

मी म्हटलं, न वाचता सांगतो. रंगीत बाटल्या धडाधड सांगितल्या. तेव्हा तपासनीसांनी तीन पांढरे क्षार समोर ठेवले. तिन्ही पोटॅशियमचे, एक क्लोराइड, एक ब्रोमाइड, एक आयोडाइड; कोणता कोणता, ते ओळखायचं होतं. मी तीन नळ्यांत चिमूटचिमूट घेऊन पाणी घातलं आणि क्लोरिनचं पाणी मागितलं.

"हे सगळे भाऊ, साहेब. थोरला फ्लोरिन, तो इतका तापट की आपण त्याला घरात घेत नाही. मग क्लोरिन, मग ब्रोमिन, मग आयोडिन. वरून खाली येताना अंगातला जोर कमी होतो. पोटॅशियम ही खुर्ची धरा. धाकटा बसला असेल तर थोरला त्याला उठवून स्वतः बसतो. धाकट्याला थोरला उठवता येत नाही. आमच्या घरीही एकच आरामखुर्ची होती, आणि मी धाकटा."

पहिल्या नळीत काही झालं नाही; खुर्चीत क्लोरिनच होता. दुसरी पिवळी-नारिंगी झाली, ब्रोमिन उठला. तिसरी तपकिरी झाली. तीत मी शनिवारच्या उरलेल्या खळीचा थेंब टाकला, निळंकाळं. आयोडिन!

तपासनीसांनी रुमाल खिशात ठेवला. असा माणूस फाटकावर बसवणं म्हणजे दुर्बिणीने खिळे ठोकणं, असं ते मुख्याध्यापकांना म्हणाले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन महिन्यांचा कडू चहा बोलला. म्हटलं, साहेब, लेबलंही बघाच, अक्षर बघण्यासारखं आहे.

बाई म्हणाल्या, हायपोच्या पाण्याने हा काळा रंग जातो. त्यांनी बोळा भिजवून शेवटच्या दोन बाटल्या पुसल्या. काळं विरलं आणि माझी अक्षरं वर आली, टपोरी, सुरेख. नारिंगी नळीच्या बाटलीवर लिहिलं होतं आयोडाइड. तपकिरी नळीच्या बाटलीवर ब्रोमाइड.

तपासनीसांनी वहीत शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली. "आता हे तरी वाचा."

परीक्षाच ती. मी घसा साफ केला आणि बाहेरच्या वर्गांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, एकाही अक्षराला न अडखळता वाचलं, "मामांना प्रयोगशाळेतच ठेवावे. लेबले मात्र त्यांच्या हाती कधीही देऊ नयेत."

अर्थ डोक्यात शिरला तोवर शेजारच्या वर्गातून टाळ्या सुरू झाल्या होत्या.