मयेकरकाकांचा घोडा

मयेकरकाका नव्या माणसाला गाव विचारत नसत, आडनावही विचारत नसत. त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?"

आम्ही सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या या ब्लॉकमध्ये राहायला आलो त्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला हे विचारलं. माझ्या एका हातात कुकर, दुसऱ्या हातात देवघरातला गणपती. लिफ्ट तरी कसली, कुणी आत लघवी केली तर जागच्या जागी बंद पडून पोलिस येईपर्यंत दार न उघडणारी! अशा देशातल्या अशा लिफ्टमध्ये पांढरा बुशशर्ट घातलेला साठीचा मराठी गृहस्थ हसतमुखाने बंदुकीची चौकशी करतोय. मी घाबरून म्हटलं, "आम्ही नवव्या मजल्यावर."

"म्हणजे आमच्या शेजारी," ते म्हणाले. "आणि तू पिस्तूल. मला वाटलंच."

त्यांच्या लेखी अख्ख्या मनुष्यजातीचे हे दोनच वर्ग होते. रिव्हॉल्व्हरवाल्याच्या पोटात सहाच गोळ्या, पण वेळेला दगा नाही. एखादी फुसकी निघाली तर पुन्हा चाप दाबायचा, चक्री फिरते, पुढची हजर. पिस्तूलवाला दिसायला सडपातळ, पंधरा गोळ्यांचा धनी, पण त्याचा वरचा भाग मागे खेचायला मनगटात जोर लागतो आणि नेमका नको तेव्हा तो अडकतो. माझा नवरा अविनाश रिव्हॉल्व्हर. "दिवसाला सहा वाक्यं बोलतो, पण एक अडकत नाही," काका म्हणाले. मी मात्र एका दमात पंधरा झाडते आणि मग जॅम होते. हे मी घरी येऊन रागारागाने सांगितलं तर अविनाश म्हणाला, "बरोबर आहे." हे त्याचं त्या दिवसातलं चौथं वाक्य होतं.

आता एक कबूल करते. मी संशयी आहे. नुसती संशयी नाही, पगारी संशयी आहे. तांजोंग पगारच्या एका बँकेत कंप्लायन्स विभागात बसते. कोण माणूस खरं बोलतोय आणि कुठे पाणी मुरतंय हे शोधण्याचे ते मला पैसे देतात. घरी आल्यावर हे बटण बंद होत नाही त्याला मी काय करू? माझी मुलगी रेवा म्हणते, "ममी, डोन्ट बी सो केपो, लाह." केपो म्हणजे इथल्या भाषेत नसत्या चौकशा करणारी बाई. आईला कुणी असं म्हणतं का?

आणि मयेकरकाकांचं पहिलं नाव होतं विश्वास. म्हणजे बघा.

तसा माणूस लाख होता. मूळचे मालवणचे. तीस-पस्तीस वर्षं जहाजांवर काढलेली, शेवटची काही चीफ इंजिनियर म्हणून. आमचा मिक्सर त्यांनीच दोनदा दुरुस्त केला आणि दोन्ही वेळा "सगळं चापावर असतं बघ" असं म्हणून परत दिला. मिक्सरला चाप कुठे असतो देव जाणे. निवृत्त झाल्यावर काका-काकू इथेच राहिले आणि दर शनिवारी जोडीने नेमबाजीच्या क्लबात जायला लागले. बंदूक क्लबच्या कपाटात कुलूपबंद असायची. घरी आणायचा प्रश्नच नव्हता. इथे बंदूक जवळ सापडली तर तुरुंग, आणि चालवली तर फाशी. हे काका स्वतःच सगळ्यांना उत्साहाने सांगत.

तरीही त्यांचा आवडता प्रश्न असा, की रेंजसाठी, म्हणजे क्लबात नेम मारायला, पिस्तूल बरं हे मान्य, पण कॅरीसाठी काय? म्हणजे अंगावर बाळगायला? चपटं पिस्तूल कमरेला रुतत नाही, पण भरवशाचं म्हणाल तर रिव्हॉल्व्हर. एकदा मार्केटात मासे घेताना त्यांनी हा मुद्दा मासेवाल्या चिनी अंकलना इंग्रजीत समजावून सांगितला. अंकलनी पापलेटाचं डोकं उडवलं आणि म्हणाले, "आय्या, पोलिस कॅच यू, आह!" काका खूश होऊन मला म्हणाले, "हा रिव्हॉल्व्हर."

त्या दिवाळीनंतर काकू दिसेनाशा झाल्या.

काकू म्हणजे सुनंदाकाकू. उंच, ताठ, कमी बोलणाऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. टिकली नाही, कुंकूच. मी काकांना विचारलं तर म्हणाले, "गावाला गेली." आणि माझ्याकडे न बघता लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं. एरवी हा माणूस बटण एकदाच दाबणारा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. आमच्याकडे कपडे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते बांबू सांगतो. गावाला गेलेल्या काकूंचे दोन गाऊन दर मंगळवारी मयेकरांच्या बांबूवर! खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, काका पॉरिजची दोन पाकिटं बांधून घेताना दिसले. पॉरिज म्हणजे तांदळाची पातळ पेज. मालवणचा, मासे खाणारा, धडधाकट माणूस पेज का खाईल? बरं, दोन पाकिटं कुणाला? आणि शनिवारी क्लबात जाणं बंद. विचारलं तर, "कंटाळा आला." कंटाळा! ज्याने पापलेटापुढे बंदुकीवर व्याख्यान दिलं त्याला कंटाळा!

मी हे सगळं अविनाशला मुद्देवार सांगितलं. तो म्हणाला, "तू पडू नकोस यात."

मी पडलेच नसते. पण जानेवारीत एका दुपारी सुट्टी घेऊन घरी होते, कॉरिडॉरमधल्या झाडांना पाणी घालत होते, आणि मयेकरांच्या बंद खिडकीतून काकांचा आवाज आला.

"घोडा ओढ. ओढ म्हणतो ना! हां. आता चाप. दाब. दाब!"

मग खट्ट असा आवाज.

"पाच झाले. सहावा अजून राहिला."

माझ्या हातातली झारी तिथेच पडली. मी डोंबिवलीची. मुंबईच्या पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचत लहानाची मोठी झालेली. घोडा म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गुंडांच्या भाषेत घोडा म्हणजे बंदूक, आणि बंदुकीच्या मागच्या खटक्यालाही घोडाच म्हणतात. सिंगापूरच्या पोलिसांनी जन्मभर कान लावून ऐकलं असतं तरी त्यांना हे कळलं नसतं. ते फक्त मला कळलं होतं, आणि त्याचंच मला ओझं झालं.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये काकांनी नऊचं बटण दाबायला हात वर केला. बुशशर्ट वर सरकला आणि कमरेला खोचलेली एक लाकडी मूठ दिसली. गुळगुळीत, काळसर, मागे घोडा, पुढे चाप. माझी पाचावर धारण बसली.

त्यांच्या लक्षात आलं. शर्ट खाली ओढून ओशाळं हसले. "कॅरी करून बघतोय. बोचतंय का ते."

"बोचतंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"थोडं," ते म्हणाले. "कोपरे अजून घासायला हवेत."

तुम्हीच सांगा, मी काय करायचं? आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला, मुलाखतीचं पत्र कधीही येईल अशी वेळ. शेजारच्या घरात घोडा सापडला आणि मला तो माहीत होता असं कळलं, तर आमचा अर्ज कचऱ्यात. खाली ब्लॉकच्या पायथ्याशीच पोलिस चौकी. जाऊन दोन वाक्यं बोलले की मी सुटले. पण ती दोन वाक्यं बोलले तर मयेकरकाका संपले, आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाला तुरुंगात धाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मग काकू कुठे आहेत? त्या बाईचं काही बरंवाईट झालं असेल तर मी गप्प बसलेली शेजारीण! जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी मी ठरवलं, रथसप्तमीपर्यंत काकू डोळ्यांनी दिसल्या तर ठीक, नाहीतर चौकी.

रथसप्तमीच का? कारण तोपर्यंत संक्रांतीचं हळदीकुंकू करता येतं. आणि हळदीकुंकू ही अशी गोष्ट आहे की ती नवऱ्याच्या हातात देऊन परत फिरता येत नाही. तिळगूळ देता येतो, वाण देता येतं, पण कुंकू बाईच्याच कपाळाला लावायचं, तिनेही ते आपल्याला लावायचं. पोलिसांकडे झडतीचा कागद असतो, माझ्याकडे हळदीकुंकवाचा करंडा होता.

शनिवारी दुपारी चार वाजता साडी नेसून, करंडा, तिळगूळ आणि वाणाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन मी बेल वाजवली. काकांनी लोखंडी जाळीचं दार न उघडताच विचारलं, "काय गं नीलिमा?"

"हळदीकुंकू. काकूंना."

"ती गावाला..."

"काका, त्यांचा निळा गाऊन बांबूवर आहे."

मी जाळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. आता माझी पिस्तुलाची पंधरा सुटली. तुम्ही खोटं बोलताय, पेज कुणासाठी नेता, घोडा कुठून आणलात, काकूंना काय केलंत, मी रथसप्तमीला चौकीत जाणार आहे! काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत होता. तेवढ्यात आतून आवाज आला. हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"येऊ द्या तिला."

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. तोंडाचा एक कोपरा किंचित खाली, उजवा हात मांडीवर ठेवलेला. कपाळ कोरं. मी काकूंचं कपाळ कधी कोरं पाहिलं नव्हतं.

"दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झटका आला," काका म्हणाले. "उजवी बाजू गेली. हिने शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. लोक बघायला येतील, कीव करतील. म्हणाली, माझ्या हाताने कुणाच्या कपाळाला कुंकू लावता येईल तेव्हाच बाहेर येईन. मी लावतो म्हटलं हिच्या कपाळाला, तर तेही नको. स्वतःचं स्वतः लावीन म्हणते."

मी करंडा घट्ट धरून उभी होते. मला माझी स्वतःची इतकी लाज वाटली की बसायचंही सुचेना.

टेबलावर दोन लाकडी मुठी होत्या. फक्त मुठी. घोडा होता, चाप होता, आत स्प्रिंगा होत्या, पण नळीचा पत्ता नाही. "नळी केली असती तर तू म्हणतेस तो गुन्हा झाला असता," काका म्हणाले. "कायदा मला पाठ आहे. हॉस्पिटलातल्या बाईंनी दाबायला स्पंजचा बॉल दिला होता. हिने तो खिडकीबाहेर फेकला. मी काय तान्हं बाळ आहे का, म्हणाली. कॉलेजात एनसीसीत होती ना, रायफलीत मेडल आहे हिचं. क्लब हिचाच गं. मी नुसता डबा उचलायला जायचो. मी पहिल्यांदा बंदूक हातात धरली तेव्हा हिने माझा खांदा धरून उभं केलं होतं."

म्हणजे शनिवारचा तो सगळा थाट काकूंचा होता. हा माणूस वर्षानुवर्षं बायकोच्या कौतुकापायी अख्ख्या ब्लॉकला बंदुकीबद्दल पकवत होता.

"आधी पिस्तुलासारखी केली. पण वरचा भाग खेचायला दुसरा हात लागतो, हिला जमेना. मग रिव्हॉल्व्हरसारखी. घोडा अंगठ्याने ओढायचा, चाप बोटाने दाबायचा. ही मोठी रेंजची. आणि ही लहान, कॅरीची. गाऊनच्या खिशात राहते, दिवसभर दाबत बसते. कोपरे बोचतात म्हणाली म्हणून आठवडाभर मीच कमरेला लावून हिंडलो."

मी ती लहान मूठ उचलली. चाप विचित्र जागी होता, फार खाली. मी तर्जनी घातली तर पोचेना.

"तिथे नाही," काका म्हणाले. "करंगळीच्या शेजारचं. अनामिका. कुंकू त्या बोटाने लावतात ना?"

मला रडूच आलं. सरळ, साडीच्या पदराने डोळे पुसत रडले. काकू मात्र रडल्या नाहीत. त्या माझ्या हातातल्या करंड्याकडे बघत होत्या.

मी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, आणि करंडा त्यांच्यासमोर धरून खाली गुडघ्यावर बसले. काकूंचा उजवा हात मांडीवरून उठला. बोट करंड्यात गेलं, कुंकू सांडलं, गाऊनवर, माझ्या साडीवर. हात थरथरत वर येऊ लागला आणि अर्ध्यात थांबला. काका पुढे झाले.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या.

काका मागे सरले आणि कुजबुजले, "दाब. दाब."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग माझ्या डाव्या भुवईवर काहीतरी टेकलं, जोरात, आणि खाली पापणीपर्यंत ओघळलं.

"सहा," काका म्हणाले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, "मग काका, शेवटी काय ठरलं? रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकूंच्या लाल झालेल्या बोटाकडे बघितलं. पुन्हा तोंड उघडलं. कधीही न अडकणारे मयेकरकाका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"पिस्तूल आहेत हे," काकू मला म्हणाल्या. "आधीपासून."

घरी आले तर रेवा सोफ्यावर बसली होती. माझ्याकडे बघून ती टिश्यू घेऊन धावत आली. "ममी, सो क्रुकेड, लाह! कुणी लावलं?"

मी तिचा हात धरला.

"पुसू नकोस," म्हटलं. "नेम बरोबर लागलाय."