ट्रॅक्टरचं स्थळ बघणारे बसलिंगअप्पा

बसलिंगअप्पांच्या गोष्टी मी पुष्कळांना सांगितल्या आहेत. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, दाढीच्या दुकानात. ऐकणारे पोट धरून हसतात. पण सांगताना मी नेहमी एका ठिकाणी येऊन थांबतो आणि ‘चला, उशीर झाला’ म्हणून उठतो. त्याच्या पुढचं सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आता गुडघे असे झालेत की चटकन उठून निघून जायची सोय राहिली नाही. म्हणून सगळंच सांगतो.

तर अप्पांची पहिली गोष्ट अशी, की जुना ट्रॅक्टर बघायला गेले की ते ट्रॅक्टर बघत नसत.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, लोह्याच्या पुढं. सगळे तीन-चार एकरवाले. नवं यंत्र गावात क्वचितच येतं. ट्रॅक्टर असो, मोटर असो की फवारणीचा पंप, कुणीतरी वापरलेलाच यायचा. आणि तो घ्यायला जाताना सोबत अप्पा असायचेच. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांचं आजोळ उदगीरकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायची. त्यांनी स्वतः जन्मात कुठलं यंत्र घेतलं नाही. जमेल तोवर बैलांवर शेती केली आणि पुढं वाट्यानं देऊन टाकली. ट्रॅक्टरच्या सीटवर ते कधी बसल्याचंही कुणाला आठवत नाही.

विकणाऱ्याच्या दारात पोचलं की बाकीचे लोक ट्रॅक्टरला गराडा घालत. कुणी टायर दाबे, कुणी धूर बघे. अप्पा सरळ घरात. दाराची कडी दोनदा मागंपुढं करून बघायची, म्हशीचं दावं हातात धरून बघायचं, मोबाइलच्या चार्जरची वायर उलटीसुलटी करून बघायची. मग पाणी मागायचं आणि तांब्या कुठून येतो, त्यावर झाकण होतं का, हे वाकून बघायचं.

“अप्पा, ट्रॅक्टर भायेर हाय,” कुणीतरी म्हणे.

“ट्रॅक्टर काय बघायचं? ते बिचारं ज्या घरात नांदलं, ते घर बघा. कडी करकरायली म्हणल्यावर इंजिनात तेल येळेवर गेलं असंल का?”

चहा आला की ते घरच्या बाईला हमखास एक प्रश्न विचारत. “माय, मालकाला राग आला की काय आपटतेत?”

बाया आधी लाजत, मग खरं सांगून टाकत. मुखेडकडच्या एका घरी बाई हसत म्हणाली, “ताट आपटतेत, आणि काय.” अप्पांनी बशी खाली ठेवली आणि एकच शब्द बोलले, “इल्ला.” म्हणजे नाही. त्यांनी इल्ला म्हटलं की सौदा तिथंच संपला. बाहेर येऊन म्हणाले, “आज ताट आपटतोय, काल क्लच आपटला असंल. चला.”

नांदेडला एका दलालानं ट्रॅक्टरला नवा रंग मारून, हार घालून उभा केला होता. अप्पांनी त्याला विचारलं, “ह्याचं घर कुठंय?” दलाल म्हणाला, “घर कशाला पाहिजे? मशीन बघा की, नवरीवानी हाय.” अप्पा म्हणाले, “नटलेली दिसायली. मला न्हालेली पाहिजे.” आणि बसस्टँडच्या वाटेला लागले.

पसंत पडलं तर “जमतंय” म्हणत, आणि मग पाठवणी. विकणाऱ्याच्या बाईनं बॉनेटवर नारळ ठेवून ओटी भरायची. घेणाऱ्यानं वर्षातून एकदा, येळवशीला, जुन्या मालकाला जोडीनं शेतात जेवायला बोलवायचं. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि सगळे शेतात आंबील-भज्जी खायला जातात. जेवण झालं की यंत्र चालू करायचं आणि जुन्या मालकानं डोळे मिटून आवाज ऐकायचा. “बापाला लेकीचा आवाज कळतंय,” अप्पा म्हणत. लोक हसत, पण बोलवत. दुसऱ्याच्या शेतातल्या त्या पंगतीत अप्पा अगदी मुलीकडच्यासारखे मिरवत.

मी इथंपर्यंत सांगतो आणि उठतो.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात. आयुष्य गेलं परगावी, कागदावर पाणी सोडण्यात. निवृत्त होऊन गावी परत आलो तेव्हा गावात मला ओळखणारे थोडे आणि ‘भाऊसाहेबाला काय शेती जमतीय’ म्हणणारे जास्त. माझा मुलगा पुण्याहून फोनवर तेच म्हणाला, जरा शुद्ध भाषेत. म्हणून तर ईर्ष्येनं ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. माझा नि अप्पांचा बांधाला बांध. ते म्हणाले, “भाऊसाहेब, उगं घाई करू नका. स्थळ मी बघतो.”

स्थळ निघालं अर्धापूरकडं. गोविंदराव नावाचे केळीवाले शेतकरी, त्यांचा लहान ट्रॅक्टर. कडी लोण्यासारखी सरकली. मालक रागात काय आपटतात म्हणून विचारल्यावर शांताबाई, त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, “कायबी न्हाई. गप बसतेत. तेच लई वाईट.” अप्पा खूष. “जमतंय!”

अप्पांचा नियम असा, की यंत्राची खोड मालकाला विचारायची नाही, मालकिणीला विचारायची. शांताबाईंनी पदर सावरून मला स्पष्ट सांगितलं, “भाऊ, वरचा पाइप जरा पाझरतंय. रेडिएटरमधलं पाणी रोज बघत जा. आमचे मालक तोंड धुवायच्या आधी बघतेत.” मी मान हलवली. अप्पांनी माझ्याकडं बघून विचारलं, “ध्यानात ऱ्हाईल ना?” मी म्हटलं, “अप्पा, माझी नोकरीच पाण्याची होती!” सगळे हसले.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रोज पाणी बघितलं. सोयाबीन निघालं आणि गडबड सुरू झाली. मळणी यंत्राला ट्रॅक्टर जोडलेला, पाळी लावून लोक बसलेले, आणि गावात पहिल्यांदाच मला कुणीतरी ‘भाऊसाहेब, आमचं कधी?’ म्हणून विनवत होतं. त्या मानपानात दोन-तीन सकाळी मी पाणी बघितलं नाही. तापमानाचा काटा वर चढलेला दिसला. मला वाटलं, जुना काटा आहे, काहीही दाखवतो. भर दुपारी ट्रॅक्टरनं एक कळवळल्यासारखा आवाज काढला आणि इंजिन जाम झालं.

सगळे जमले. मी रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि पटकन लावून टाकलं. आत थेंब नव्हता.

“काय झालं?” कुणीतरी विचारलं. दुसरा म्हणाला, “घेतानाच खराब असंल. फसवलं तुमाला.”

तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, चूक माझी. मी म्हणालो, “अप्पांनीच बघून दिलं होतं.”

यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते वाक्य इतकं चाललं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की अप्पानं भाऊसाहेबाला बुडवलं. कडी बघून कुठं ट्रॅक्टर घेतेत का? जे कालपर्यंत त्यांना घेऊन जात होते तेच म्हणू लागले.

लोह्याचे सलीम मिस्त्री आले, इंजिन उघडलं, दुरुस्त करून दिलं. अप्पा पूर्ण वेळ त्यांच्याजवळ बसून होते. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. येळवशीला गोविंदराव आणि शांताबाई आले. भज्जी झाली, ट्रॅक्टर चालू झाला. गोविंदरावांनी डोळे मिटले, ऐकलं, डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि शांताबाईंनी सांगितल्याप्रमाणं गप्प बसले. पंगतीतल्या एकानं खवचटपणे विचारलं, “काय पाव्हणं, कसली लेक दिली आमच्या भाऊसाहेबाला?”

गोविंदराव बोलायच्या आत अप्पा म्हणाले, “त्यायला काय बोलू नका. माझी नजर चुकली. म्हातारा झालो.”

मी शेजारी बसून आंबील पीत होतो. पीतच राहिलो.

त्यानंतर अप्पांना कुणी नेलं नाही. ते पारावर बसून विचारायचे, “कुठं निघालाव?” लोक तोंडाला येईल ते सांगत, “लग्नाला.” त्या उन्हाळ्यात आमच्या गावातले निम्मे लोक लग्नाला गेले आणि येताना रोटाव्हेटर घेऊन आले. अप्पा तो जाताना बघत आणि म्हणत, “आहेर चांगला मिळाला.” चिडले नाहीत. पण धोतर मळकं दिसू लागलं.

मला वाटत होतं की मी त्यांचं नाव घालवलं. नावाचं त्यांना फारसं नव्हतं, हे उशिरा ध्यानात आलं. त्यांची बायको गौराबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. लेकरूबाळ नाही. स्वतःच्या घरी चूल कधी पेटे, कधी नाही. यंत्र बघायच्या निमित्तानं त्यांना कुणाच्या तरी घरात जाऊन बसायला मिळे. कुणीतरी बाई चहा देई, घरातलं सांगे, आणि पुढं येळवशीला पंगतीत ‘अप्पा, इकडं बसा’ म्हणून हाक येई. ती घरं मी बंद केली.

पुढं त्यांचा पुतण्या त्यांना उदगीरला घेऊन गेला. ते गेल्यावर एकदा लोह्यात सलीम मिस्त्री भेटले. चहा पिताना म्हणाले, “भाऊसाहेब, एक बात बोलू? रेडिएटर कोरडंठाक होतं. मी पहिल्याच दिवशी अप्पाला बोललो.”

“मग?”

“मग काय! मला म्हणले, ‘कुणाला बोलू नको. माणूस आत्ता कुठं गावात परत आलाय, त्याला इथं ऱ्हायाचंय. माझं काय, मला सगळे वळखतेत.’”



दुसऱ्याच आठवड्यात उदगीर गाठलं. एस.टी.त वाक्य पाठ केलं. अप्पा पुतण्याच्या दारात बाजेवर बसलेले, निम्मे झालेले. मला बघितलं आणि उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. बाहेर आले ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून.

“चला.”

“कुठं, अप्पा?”

“बघायला! तुम्ही उगं येवढ्या लांब येताव व्हय? गावानंच धाडलं असंल. कुणाला घ्यायलंय?”

पुतण्याची बायको दारात उभी होती. माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, “हाव. मलाच घ्यायचंय.”

“काय?”

“चला, दाखवतो.” गल्लीच्या तोंडाला रिक्षावाला होता, त्याला हळूच विचारलं, बाबा, जवळपास कुणी जुनं काही विकतंय का? तो म्हणाला, माझ्या सासुरवाडीला कडबाकुट्टी हाय, जनावराचा चारा कापायचं यंत्र. गेलो. अप्पांनी कडी हलवली, दावं बघितलं, बाईला प्रश्न विचारला. ती इतकी हसली की शेजारणी गोळा झाल्या आणि चहा दोनदा झाला. कानडी-मराठी मिसळून अप्पा दुपारभर बोलत होते. त्यांचा आवाज हळूहळू जागेवर आला. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. “जमतंय! घ्या, भाऊसाहेब.”

माझ्याकडं एकही जनावर नाही. तरी कडबाकुट्टी घेतली. बाईनं नारळ ठेवून ओटी भरली. अप्पांनी तिला येळवशीला माझ्या शेतात यायचं आवतन देऊन टाकलं, मला न विचारता.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, “लोक मंजे अजून मानतेत म्हणा.”

“मानतेत,” मी म्हणालो. गेलो होतो एक खोटं फेडायला, आणि दुसरं करून बसलो. आता पहिल्याची माफी मागायची तर हेही सांगावं लागणार, की गावानं धाडलं नव्हतं, आणि कडबाकुट्टीतला चारा खायला माझ्याकडं म्हैसच नाही.

“मग गावात सांगा,” दारात उतरताना ते म्हणाले, “अप्पा येतेत म्हणावं. फकस्त एक दिवस आधी कळवा. धोतर धुवाया लागतंय.”

म्हणून हे लिहिलं. गावकऱ्यांनो, ट्रॅक्टर चांगला होता. गोविंदरावांनी फसवलं नाही, अप्पांची नजर चुकली नाही, शांताबाईंनी पाइपाचं सांगितलं होतं. पाणी मी घातलं नाही. कुणाला काहीही जुनं घ्यायचं असेल, साधा पंप का असेना, तर उदगीरला जा आणि अप्पांना सोबत न्या. एक दिवस आधी कळवून.

अप्पांना स्वतःला मात्र अजून काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी दारातून वळताना मी “अप्पा” म्हणून हाक मारली होती. ते थांबले.

“बोला की.”

मी त्यांच्या टोपीकडं बघत म्हणालो, “जेवण येळेवर करत जावा.”

“हाव,” ते म्हणाले आणि आत गेले.