रुक्माक्कांनी विलायतेत गाठ मारली

जगातल्या सगळ्या शाळांत हजेरी घेताना पोरं ‘हजर’ म्हणतात. रुक्माक्कांच्या वर्गात ‘हजर’ म्हटलं की गैरहजेरी लागायची. तिथं सकाळी काय खाल्लं ते सांगायचं.

“पाटील?”

“उप्पीट, बाई!”

“मुल्ला?”

“चपाती-चटणी!”

“देसाई?”

“कुंदा!”

“रोज रोज कुंदा? तुझा बाप काय हलवाई हाय व्हय रं? खरं सांग.”

“...शिळी भाकरी, बाई.”

“मग तसं म्हण की. भाकरीनं काय चोरी केलीया?”

आणि जो ‘काय न्हाय’ म्हणेल त्याला पुढं बोलवून पिशवीतला भडंगाचा पुडा हातात. आधी खायचं, मग कविता. “पोटात काय हाय ते तुम्ही सांगा, डोक्यात काय हाय ते मी बघतो,” हे त्यांचं ब्रीद. आमच्याकडं बायकाही ‘बघतो, जातो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी हसू नये.

मी त्या वर्गातला. आमची ती मराठी शाळा पुढं बंद पडायला आली. तेव्हा मी आयुष्यातलं पहिलं पत्रक काढलं: ‘शाळा मोडणाऱ्यांचा जाहीर निषेध!’ शाळा मोडलीच, पण मला पत्रकांची सवय लागली ती कायमची. वडगावात नळाला पाणी नाही, पत्रक. अनगोळची बस थांब्यावर थांबली नाही, पत्रक. बाई मात्र निषेध वगैरे न करता एका खाजगी इंग्रजी शाळेत मराठी शिकवायला लागल्या. तिसरी भाषा, शेवटचा तास, वर्षावर्षाच्या करारावर. तिथंही हजेरी तशीच. फक्त उत्तरं बदलली.

“कॉर्नफ्लेक्स, मिस.”

“हे खाल्लंस का नुसतं भिजवलंस?”

तर या शाळेनं जाहीर केलं: ‘शैक्षणिक अभ्यास दौरा, इंग्लंड’. आमच्या भागातल्या शाळांची सहल आजवर गोकाकच्या धबधब्यापर्यंत जायची आणि निम्मी पोरं वाटेतच ओकायची. आता ओकायला थेट इंग्लंड! मी पेटलो. पत्रक काढलं: ‘लंडनवारी कुणाच्या जिवावर?’ त्यात संस्थाचालकांना ‘शिक्षणाचे दलाल’ म्हटलं, पालकांना ‘झोपलेला समाज’ म्हटलं आणि खाली नेहमीप्रमाणे ‘सुज्ञ नागरिक’ अशी सही केली.

मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून इंग्रजीच्या मॅडम जायच्या होत्या. त्यांचा व्हिसा नाकारला. मराठीच्या बाईंचा मिळाला. इंग्रजांची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे, एवढंच मी म्हणेन.

मी तडक बाईंच्या घरी. “बाई, ह्या दौऱ्यावर बहिष्कार घाला.”

“घालतो की,” बाई पिशवीत चटणीच्या पुड्या कोंबत म्हणाल्या. “आल्यावर घालतो. तिथं थंडी लई असती म्हणं. तुझा तो मफलर दे.”

मफलर गेला, बाई गेल्या, सगळे परत आले. पण त्यांच्या आधी बातमी आली. तिथल्या कुठल्याशा गावातल्या संग्रहालयात बाईंनी एका जुन्या हातमागाला हात लावला. घंटा वाजली, पहारेकरी धावले, बाईंना ऑफिसात बसवून ठेवलं. त्यात अख्खी दुपार गेली आणि त्या दुपारी पोरांना दाखवायचं होतं ते फुटबॉलचं स्टेडियम बुडालं. संग्रहालयाच्या अब्रूचं पालकांना काही नव्हतं. स्टेडियमचं होतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी बाईंना सांगितलं: दौऱ्यावरच्या मुलांचा ‘मनोगत’ कार्यक्रम आहे, त्यात सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

आता मला सांगा, अशा वेळी पत्रक नाही काढायचं तर कधी काढायचं? ज्यांच्या गिरण्यांनी आमच्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, त्यांचाच माग, आणि त्याला हात लावला म्हणून वडगावच्या विणकराच्या लेकीनं माफी मागायची? मी एका दमात लिहिलं: ‘साम्राज्यशाहीच्या मागाला हात घालणाऱ्या रणरागिणीला जाहीर पाठिंबा!’ कागद नवा आणायला परवडेना म्हणून पहिल्या पत्रकाच्या उरलेल्या गठ्ठ्यावरच, पाठकोऱ्या बाजूला छापलं.

बाईंनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

“एका अंगाला शिव्या, दुसऱ्या अंगाला आरती. वाचणाऱ्यानं कुठल्या अंगावर झोपायचं रं?”

“बाई, मुद्दा समजून घ्या...”

“आणि ही रणरागिणी कोण?”

“तुम्ही.”

“मी? मी धागा जोडला रं. लढाईला गेलतो व्हय मी?”

“पण माफी मागायची नाही. शब्द द्या.”

“खाल्लंस काय सकाळी?” बाईंनी विचारलं. म्हणजे विषय संपला.

मनोगताच्या दिवशी हॉल भरला होता. पालक पुढच्या खुर्च्यांवर, मी मागं दाराशी, पत्रकांचा गठ्ठा बगलेत. एकेक पोरगं येऊन कागद वाचायला लागलं. कागद वर्गशिक्षकांनी लिहून दिलेले, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, कारण प्रत्येकाला त्या देशात तीनच गोष्टी सापडल्या होत्या: स्वच्छता, शिस्त आणि वक्तशीरपणा. एवढ्या लांब जाऊन यांनी बघितलं काय, तर शाळेच्या भिंतीवरचे सुविचार.

मग सानिका नावाची एक बुटकी मुलगी आली. तिनं कागद उघडला, बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला.

“मला स्वच्छतेचं सांगायचं नाही. मला बाईंचं सांगायचंय.”

सेक्रेटरी खुर्चीत सरळ झाले.

“विमानतळावर उतरल्यावर बाईंनी हजेरी घेतली. आम्ही सगळे ओरडत होतो, ब्रेड! ब्रेड! ऑम्लेट! ब्रेड! लोक बघायला लागले. एक पोलीस आला. बाईंनी त्याला पण विचारलं, काय खाल्लंस? मी इंग्लिशमध्ये सांगितलं त्याला. तो म्हणाला, टोस्ट. बाई म्हणाल्या, हात्तिच्या, तू बी आमच्यातलाच.”

हॉल हसला. मग पोरांना ऊतच आला. जागेवरूनच सुरू. एक म्हणाला, हॉटेलातलं जेवण घशाखाली उतरेना तेव्हा बाईंनी बटाट्यावर चटणी भुरभुरली, शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीनंही मागून घेतली आणि रडत रडत खाल्ली. दुसरा म्हणाला, मला घरची आठवण यायची तेव्हा बाई शिव्या द्यायच्या, आमच्या आजीसारख्या, मग बरं वाटायचं.

“अरे, लंडनचा पूल सांगा, राजवाडा सांगा!” सेक्रेटरी ओरडले.

“पूल बघितला सर,” तो मुलगा म्हणाला, “पण त्याच वेळी बाईंची चप्पल तुटली.”

शेवटी सानिकानंच संग्रहालयाचं काढलं. “आम्ही पळत पुढं गेलो होतो. बाई मागं राहिल्या. मी वळून बघितलं तर एका मागासमोर उभ्या. त्यावर अर्धं विणलेलं कापड होतं, भोवती दोरी होती. बाईंनी दोरी उचलली, खालनं आत गेल्या, बोटाला थुंकी लावली आणि तुटलेल्या धाग्याला गाठ मारली. मग घंटा वाजली. आम्हाला वाटलं आग लागली.”

“पुरे!” सेक्रेटरींनी माईक घेतला. “आता रुक्मिणी मिस दोन शब्द बोलतील.”

मी घसा साफ केला. बाईंनी नकार दिला रे दिला की मी घोषणा देणार होतो. पुढची सगळी योजना तयार होती: घोषणा, सभात्याग, दाराबाहेर पत्रकं.

बाई माईकपुढं आल्या. पदर सारखा केला. पालकांकडं बघितलं नाही, सेक्रेटरींकडं बघितलं नाही. वर कुठंतरी पंख्याकडं बघून म्हणाल्या, “चूक माझी. न विचारता हात लावला. लावायचा नव्हता. मनापासून माफी मागतो.”

आणि खाली बसल्या. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी वाजवल्या. माझी घोषणा ‘अन्याया...’पर्यंत येऊन घशातच राहिली. शेजारच्या माणसानं मला पाणी दिलं.

बाईंची नोकरी राहिली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन भडकलो. बाई लसूण सोलत बसल्या होत्या. एकट्याच्या स्वयंपाकाला लागावा त्याच्या दुप्पट लसूण.

“बाई, तुम्ही त्या दलालापुढं वाकलात! आमच्या चळवळीचं नाक कापलंत!”

“तुझ्या चळवळीत तू एकटाच हाईस. किती नाकं असणार?”

“पण माफी? नोकरीसाठी?”

बाईंनी सुरी ठेवली. “सेक्रेटरीची कोण मागतंय माफी? त्यानं माईक दिला, म्हणून मागितली.”

“मग कुणाची?”

बाईंनी सोललेल्या पाकळ्या एका बाजूला ओढल्या. मग म्हणाल्या, “आपल्याकडं कुणाच्या घरात गेलं, मागावर कुणी न्हाय आणि धागा तुटलेला दिसला, तर काय करायचं?”

हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गल्लीत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. “आधी जोडायचा, मग हाक मारायची.”

“व्हय. तेवढंच त्या मागावरच्या बाईचं काम हलकं. तसं झालं बघ. हात आपसूक गेला. मग त्या ऑफिसातल्या पोरीनं मोबाईलमधनं हिंदीत ऐकवलं मला. लई चांगली पोरगी. तो माग ज्या बाईचा, ती कापड अर्ध्यात असतानाच गेली. घरच्यांनी हात लावला न्हाय. तसाच दिला संग्रहालयाला. तो धागा तिच्या हातनं तुटलेला. शेवटचा. तेवढाच ठेवला होता त्यांनी तिचा, आणि मी जाऊन गाठ मारली. मला तिथं ‘सॉरी’च्या पुढं काय बोलायलाच येईना रं.”

शेजारच्या घरातले पॉवरलूम खडखडत होते. बाईंचा आवाज त्याच्या वर चढायचा प्रयत्न करत नव्हता.

“आमची आई बी अशीच गेली. लुगडं अर्ध्यावर. मी शाळेतनं आलो तर भिंतीकडची जागा मोकळी. भावांनी माग उचलून न्हेलता. पॉवरलूम बसवायचा होता. त्यांचं बी खरं हाय, पोटाला पायजे. पण कुणी दोन दिवस दोरी बांधून ठेवली असती तर...”

लसणाच्या साली त्यांनी मुठीत गोळा केल्या, पुन्हा सोडल्या.

“तुझ्या फोनात त्या संग्रहालयाचा पत्ता असंल न्हवं? इंग्रजीत लिहायला येतं तुला?”

“येतं.”

“मग लिही. पत्रकासारखं नको. नीट लिही.”

मी फोन काढला. “काय लिहू?”

“लिही, त्या मागावरच्या बाईला सांगा...” मी अंगठा तसाच धरून बसलो.

“तिला सांगा, माग मोकळा दिसला. मला वाटलं, तू आत चहा टाकायला गेलीयस.”