पर्वतीय सहलीची रंगीत तालीम

प्रवासाला निघण्यापूर्वी प्रवासाचा पुरेसा विचार झाला, तर पुष्कळसे अनर्थ टळतात. कधीकधी प्रवासही टळतो. आमच्या कुटुंबाला ही जाणीव एका रविवारी सकाळी झाली. दूध तापवून झाले होते, बायको पंख्याखाली केस वाळवत होती, आणि आई डाव्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, चढायचं ते याच वर्षी चढून घ्या. मला एकदा तो बर्फाचा डोंगर दाखवा रे."

मागणी रास्त होती. म्हणूनच ती तत्काळ मान्य न करता मेव्हण्यांकडे सोपवण्यात आली.

माझे मेव्हणे एका विमा कार्यालयात आगीच्या कवायती घेतात. त्या कार्यालयाला आजवर आग लागलेली नाही, हे ते कवायतींचे यश मानतात. सहलीचा ऐंशी टक्के आनंद नियोजनात असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. उरलेले वीस टक्के ते जोखीम म्हणून धरतात.

माहितीपत्रकानुसार तो प्रदेश निसर्गरम्य असून संस्कृतीने समृद्ध होता. (निसर्ग चित्रात दिसत होता; संस्कृती मजकुरावर विश्वास ठेवून मान्य करावी लागली.) साधकबाधक चर्चेअंती निसर्ग सकाळी आणि संस्कृती जेवणानंतर घ्यावी, असे ठरले. उपाशीपोटी संस्कृती घेतल्यास चिडचिड होते, हा माझ्या ताईचा, म्हणजे मेव्हण्यांच्या पत्नीचा, अनुभव आहे. मात्र अननुभवी कुटुंबाला एकदम पर्वतावर नेणे बेजबाबदारपणाचे ठरेल, असे सांगून मेव्हण्यांनी आधी घरीच रंगीत तालीम घेण्याचे सुचवले.

पहिली तालीम भर उन्हाळ्यात झाली. सोफा ही गाडी होती. आम्ही स्वेटर, मफलर आणि हातमोजे घालून नेमून दिलेल्या क्रमाने बसलो. टेबलफॅनने डोंगरवारा पुरवला. सूर्योदयासाठी मेव्हणे टॉर्च घेऊन कपाटामागे गेले आणि आम्ही उत्स्फूर्तपणे "अहाहा!" म्हणालो. (माझी बायको उशिरा म्हणाली, म्हणून सूर्योदय पुन्हा करण्यात आला.)

जेवणानंतर संस्कृतीचा भाग होता. ताई चादर पांघरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर स्थानिक विणकर बाई म्हणून बसली. माझ्या बायकोने तिच्याकडून शाल घ्यायची होती.

"जरा कमी करा ना, बाई."

"परवडत असेल तर घ्या, नाहीतर पुढे व्हा."

"हेच! नेमकं हेच! बारशालासुद्धा अशाच तोऱ्यात बोलला होतात तुम्ही!"

"मी? आणि माझा कुकर नेऊन कोणी वर्षभर ठेवला, वहिनी?"

स्थानिकांशी संवाद अपेक्षेपेक्षा खोलवर गेला, असा शेरा मेव्हण्यांनी दिला. आई स्वेटरमध्ये घामाघूम होऊन हे सारे पाहत होती.

अशा आणखी काही तालमी झाल्या. प्रत्येकीनंतर इतका शीण येई की आम्हाला रजा घ्यावी लागे आणि ती साहजिकच सहलीच्या रजेतून वळती होई. रजा संपली तेव्हा मूळ सहल पुढील वर्षावर ढकलण्याचा ठराव आला. कोणीच विरोध केला नाही. तयारी मात्र खंडित होऊ द्यायची नाही, यावर सर्वांचे एकमत होते.

"डोंगर कुठे पळून जातोय का, आई?" मी समजूत घातली.

"डोंगर राहील रे जागेवर. गुडघे राहतील का, ते विचार त्या डॉक्टरला."

हा मुद्दा नोंद घेण्याजोगा होता. म्हणून पुढची तालीम खास गुडघ्यांसाठी ठेवण्यात आली. आईने सामानासह जिना उतरून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायचे, असे ठरले. तिने प्रथमच नियोजनात रस घेतला.

"जावईबापू, बॅगेत उशी भरू की कपडे?"

"कपडेच भरा, आई. वजन खरं हवं."

"आणि औषधं?"

"तीही घ्या."

"एकटीला जड जाईल. शेजारच्या नर्सबाई रिटायर झाल्यात, रिकाम्याच असतात. त्यांना सोबत घेऊ?"

"उत्तम!" मेव्हणे हेलावून म्हणाले. "बघा, याला म्हणतात सहभाग!"

आम्ही गॅलरीतून पाहत राहिलो. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत आई उतरली. नर्सबाईंच्या पाठीवर आधीच एक फुगलेली पिशवी होती. थांब्यावर बस आली. दोघी चढल्या. आईने हात हलवला. इतका जिवंत अभिनय पाहून मेव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. बस वळणाआड गेली तेव्हा ते म्हणाले, "बस खरी होती. ही त्रुटी राहिली."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "पोचले रे. वारा फार आहे."

मेव्हण्यांनी फोन हिसकावला. "आई, काळजी करू नका! क्रम चुकला असेल, पण संस्कृती पाहिलीत का?"

"ते नाही विचारलं कुणाला, जावईबापू. आम्ही उतरलोय त्या घरची मालकीण आणि नर्सबाई भांडी घासताहेत, मी पायरीवर बसलेय. समोर सगळं पांढरं आहे. उद्या जरा वर जाऊन येते. ठेवते हं, चहा गार होतोय."

या घटनेचे सविस्तर मूल्यमापन झाले. आईचा प्रवास पूर्वतयारीअभावी अनियमित ठरवून तिची सोफ्यावरची खिडकीजवळची जागा रिक्त घोषित करण्यात आली. त्या जागेवर डोंगराविषयी शेवटपर्यंत वाचणारी, योग्य ठिकाणी मान डोलावणारी आणि तरीही जागची न हलणारी व्यक्ती घ्यावी, असे ठरले. अशी माणसे मिळतात का, ही शंका मला होती. परंतु तुम्ही तर इथवर आलातच.

आपली निवड झाली आहे. रविवारी या. स्वेटर घालूनच या.