'नाही' खाणारा मासा

धरणाच्या भिंतीवर उभं राहून दाजींनी पाण्याखाली जाणाऱ्या जुन्या टेलिफोनची तार स्वतःच्या हातानं कापली, आणि तिथंच माशी शिंकली.

"आता तारेची कटकट संपली. उजेडावर बोलायचं," ते मेहुण्याला म्हणाले.

मेहुणा पाणबुड्या. तळाच्या दरवाजात अडकलेले ओंडके काढायला तो खाली जायचा. दाजी वर बसून दरवाजा उघडायचे-मिटायचे. रेडिओ पाण्यात गुदमरतो, पण हिरवा लेझर पाणी चिरत जातो. खालचा बोलला की किरण लुकलुकतो आणि वरच्या कर्ण्यातून आवाज निघतो, हे दाजींचं साऱ्या सासुरवाडीच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं.

"दाजी, मधे मासा आला तर?"

"मासा काय तुझं बोलणं खाणारे?"

खाणार होता. किरण लुकलुकला की तो लांबून सुळकन यायचा. पोचेपर्यंत वाक्य संपत आलेलं असायचं. आणि आपल्या भाषेत 'नाही' बसतं वाक्याच्या शेपटीला.

पहिल्यांदा मेहुणा खालून म्हणाला, "मला भूक नाही." वर आलं, "मला भूक." दाजींनी कौतुकानं बायकोला फोन लावला, "डबा घेऊन ये. तुझा भाऊ पाताळातून जेवण मागतोय!"

मग दरवाजाच्या तोंडाशीच मेहुण्याचा पाय ओंडक्यांत अडकला. तो जीव तोडून ओरडला, "दाजी, दरवाजा उघडायचा नाही!"

"दाजी, दरवाजा उघडायचा," कर्णा म्हणाला.

दाजींनी बटण दाबलं.

तळातून पाणी गरजलं. "झालं का रे मोकळं?" कर्ण्यातून नुसती खरखर. "अरे, बोल की! शिवी दे, पण बोल!" दाजींनी दरवाजा मिटला. हिरवा किरण तळाशी कुणाला तरी शोधत राहिला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. "अहो, कुठंय माझा भाऊ?"

"तो आता वर येणार..." पुढचा शब्द दाजींच्या घशातच बुडाला. इथं मधे मासाही नव्हता.

"मग थांबते की," म्हणत तिनं ताटली वाढली आणि गार होऊ नये म्हणून वर झाकण ठेवलं. त्या झाकणाकडं बघायची दाजींची छाती होईना.

आणि धरणाच्या पलीकडून, कालव्याच्या पायऱ्यांवरून, चिखलाचा एक पुतळा लंगडत वर आला. पाण्यानं त्याच्या पायातला एक रबरी पंजा ओंडक्यांतच ठेवून घेतला होता आणि बाकीचा मेहुणा पलीकडं फेकला होता.

"बाळा!" दाजी रडतच धावले.

पुतळ्यानं हात आडवा केला. "दाजी, या जन्मात मी तुमच्याशी बोलणार..." आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"बघा, बोलणार म्हणतोय," बायको म्हणाली. "एवढं भांडलात तरी कशावरून?"

ठसका वाढला. बोटाएवढा एक मासा तोंडातून उडून झाकणावर पडला आणि फडफडू लागला.

"...नाही," मेहुणा म्हणाला.