मेश्राम सरांची चार महिन्यांची सिद्धता

आमचे शेजारी मेश्राम सर भाजी घेतानाही कंस उघडतात. "अर्धा किलो, कंसात वांगे नि टमाटर, कंस पूरा." कंस नसला तर दोन्ही मिळून अर्धा किलो की प्रत्येकी, हे कसं समजायचं? नागभीडच्या बाजारातली भाजीवाली आता काही न विचारता दोन्ही मिळून तोलते.

गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झाल्यावर सरांना सिद्धता तपासणाऱ्या एका कम्प्युटर-लायब्ररीचा, म्हणजे गणिताची पायरी न् पायरी पारखणाऱ्या प्रोग्रामचा, नाद लागला. तिच्यात साधी बैजिक राशी मांडायची तरी क्ष म्हणजे संख्या, इथपासून सांगावं लागतं. मग बेरीज, मग गुणाकार, एकेक जोडत जायचं. "नवीन लेकरावानी हाय पाहा. काईच माहीत नाई. पण एकदा हो म्हटलं का पक्कं."

चार महिने ते एकाच गोष्टीमागे होते. लागोपाठच्या चार संख्या गुणा, एक मिळवा, वर्गसंख्याच येते. लायब्ररीत हे एका ओळीत होईल अशी आयती आज्ञा होती. सरांनी ती वापरली नाही. मशीननं पायरी नाकारली की पुन्हा बसायचे.

मग एका सकाळी म्हणाले, "भाऊ, गाडी काढता का? शोभाच्या गावले जाचं हाय."

वाटेत कळलं. शोभा त्यांची नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली, दहावीतली विद्यार्थिनी. हेच गणित तिनं पेपरात स्वतःच्या रीतीनं सोडवलं होतं. पुस्तकात तशी रीत नाही म्हणून सरांनी ते वर्गासमोर वाचून खोडलं. पोरं हसली. पुढं तिनं गणिताच्या तासाला कधी हात वर केला नाही.

"ते बरोबर होतं, हे मले घरी गेल्यावरच समजलं. पण सांगतलं नाई."

"मग मशीन कशाला, सर? आता सांगा ना."

"माह्या बोलण्यावर तिनं काऊन भरवसा ठेवावा? मीच त चूक म्हटलं होतं."

शोभाबाई अंगणात धान वाळवत होत्या. केस पिकलेले. सरांनी उभ्यानंच छापलेला कागद पुढं केला. "बाई, तुमचं बरोबर होतं. चूक माही होती. तुमच्या रीतीची पायरी न् पायरी मशीननं बी तपासली."

त्यांनी हात पुसले आणि पहिल्या ओळीपासून कागद वाचला. बराच वेळ. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, मी असं नव्हतं केलं. पहिलीले चौथीसंग गुणलं होतं, दुसरीले तिसरीसंग. लवकर होते."

सरांनी खिशातला पेन त्यांच्या हातात दिला आणि धानाच्या कडेला, जमिनीवर मांडी घालून बसले.

"दाखवा," म्हणाले.